समुपदेशक म्हणतात ‘चालत बोलू या’. ही टोलवाटोलवी तर नाही?

प्रश्न : माझं वय ४४. आई जाऊन दीड वर्ष होईल. तिच्या आजारपणात मी खंबीर होते, नंतरचे काही महिनेही निभावले. पण गेल्या सात-आठ महिन्यांपासून कशातच मन लागत नाही. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि डोक्यात तेच ते सुरू होतं. तिला दवाखान्यात आधी न्यायला हवं होतं का? त्या दिवशी मी तिच्यावर चिडले नसते तर? नोकरी चालू आहे, घर चालू आहे, बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. घरात बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘जरा बाहेर फिरून ये, बरं वाटेल.’ मी फिरते हो! फोनवर रोज दहा हजार पावलांचं लक्ष्य लावलंय. पुरी झाली नाहीत तर रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालून पुरी करते. बरं काही वाटत नाही. शेवटी धीर करून एका समुपदेशकांकडे गेले. चार सत्रं झाली. त्या चांगल्या आहेत, पण त्यांच्या खोलीत समोरासमोर बसलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, ‘पुढचं सत्र आपण बाहेर, चालत चालत करू या का?’ मला इतका राग आला! म्हणजे ह्यांचाही तोच सल्ला, फक्त फी घेऊन? ह्याला खरंच उपचार म्हणतात का? वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं? गोळ्या नकोत म्हणून तर मी समुपदेशनाकडे वळले. चालण्याने भागेल ना? आणि नवरा म्हणतोय, मीही येतो बरोबर. त्याला नेऊ का?
– नाव छापू नये

उत्तर : तुमच्या रागापासून सुरू करते, कारण तो रास्त आहे. ‘जरा फिरून ये’ हा सल्ला बहुतेक वेळा देणाऱ्याच्या सोयीचा असतो. दोन सेकंदांत देऊन होतो, समोरच्याचं ऐकून घ्यावं लागत नाही, आणि गुण आला नाही तर खापर फिरणाऱ्याच्याच डोक्यावर फुटतं. इतके महिने हे झेलल्यावर, पैसे मोजून ज्यांच्याकडे गेलात त्यांनीही चालण्याचं नाव काढलं तर माणूस भडकणारच.

पण घरच्यांनी तुम्हाला एकटीला बाहेर पाठवलं, आणि ह्या बाई स्वतः बरोबर यायचं म्हणताहेत. सत्राचा पूर्ण वेळ, तुमचं ऐकायला. चार सत्रं तुम्ही जवळजवळ गप्प होतात. ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा मारून त्या मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी खोली सोडून बघायचं ठरवलं. मी त्यांना ओळखत नाही, पण एवढ्यावरूनच माझं त्यांच्याबद्दल बरं मत झालं आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली की नाही कोण जाणे. दवाखान्याबद्दलचं आणि चिडण्याबद्दलचं ते वाक्य तुम्ही मला लिहिलंत. चार सत्रांत जे बाहेर आलं नाही, ते एका अनोळखी सदरलेखिकेला दोन ओळींत सांगून टाकलंत. माझा चेहरा तुमच्यासमोर नव्हता ना! तेव्हा बोलणं तुम्हाला जमतं. कुणीतरी डोळ्यांत बघत असताना तेवढं जमत नाही, आणि मनात अपराधीपणा असला की हे फार जणांचं होतं. आपण बोललो तर समोरच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ह्याकडेच सगळं लक्ष लागून राहतं. भुवई जरा हलली तरी वाटतं, झालं, हिलाही पटलं की चूक माझीच.

चालताना दोघींची नजर समोरच्या वाटेवर असते. बोलता बोलता थांबलात तर ती शांतता अंगावर येत नाही, पावलं पडत असतात, काहीतरी चाललेलं असतं. खोलीतली दोन मिनिटांची शांतता दोघांनाही जड जाते. वाटेवरची पाच मिनिटांची कुणाच्या ध्यानातही येत नाही. गाडीत शेजारी बसलेलं वयात आलेलं मूल एकदम मनातलं बोलू लागतं, तसंच काहीसं इथे होतं. शिवाय शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन माणसांची पावलं पुष्कळदा नकळत एका तालात पडू लागतात. अभ्यासकांनी हे मोजूनही पाहिलं आहे. समुपदेशनात ज्याला विश्वासाचं नातं म्हणतात, ते जुळायला अशा बारीकसारीक गोष्टी किती उपयोगी पडतात हे मी स्वतः ह्या व्यवसायात असल्याने सांगू शकते.

‘ह्याला उपचार म्हणतात का?’ म्हणतात. इंग्रजीतून आलेलं ‘वॉक अँड टॉक थेरपी’ हेच नाव सगळीकडे वापरात आहे. पद्धत तुम्हाला वाटते तेवढी नवी नाही. मनोविश्लेषण म्हटलं की ज्यांचा सोफा डोळ्यांसमोर येतो त्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१० च्या ऑगस्टमध्ये संगीतकार गुस्ताव माहलर यांचं विश्लेषण केलं ते नेदरलँड्समधल्या लायडन शहरात सुमारे चार तास फिरत फिरत. १९७० च्या दशकात थॅडियस कोस्ट्रुबाला नावाचे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ तर रुग्णांबरोबर चक्क धावायचे. (तुमच्या समुपदेशकांनी अजून तो प्रस्ताव ठेवलेला नाही, एवढं समाधान माना.)

ह्या सत्रात बदलतं ते बसायचं ठिकाण. बाकी सगळं तसंच राहतं. वेळ ठरलेली, उद्दिष्ट ठरलेलं, गोपनीयतेचं बंधन तेच. समुपदेशक तुमचं बोलणं ऐकून त्यातला धागा पकडतात, प्रश्न विचारतात, मागच्या सत्रातलं आठवून पुढे जोडतात. फीही म्हणूनच तेवढीच असते. ती त्यांच्या वेळेची आणि प्रशिक्षणाची आहे, खुर्चीची नाही. उलट बाहेर सत्र घेणं त्यांना जास्त कष्टाचं पडतं. टिपणं काढता येत नाहीत, तुमचा चेहरा सतत दिसत नाही म्हणून आवाजातले बदल जास्त बारकाईने टिपावे लागतात, आणि समोरून येणाऱ्या सायकलीकडेही बघावं लागतं.

पुरावा किती, असं कुणी विचारलं तर हातचं न राखता सांगते. चालत घेतलेल्या समुपदेशनावरचं थेट संशोधन अजून थोडं आहे आणि बहुतेक छोट्या गटांवरचं आहे. व्यायाम आणि नैराश्य ह्या विषयावरचं मात्र भरपूर आहे. २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात मिळून १४,१७० माणसं होती. नैराश्यावर चांगला परिणाम दिसलेल्या व्यायामप्रकारांत चालणं किंवा हलकं धावणं होतं, योग होता, वजनं घेऊन करायचे व्यायामही होते. म्हणजे घरचे जे सांगत होते त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. त्यांनी सांगितलं फार आखडत्या हाताने, एवढंच.

मग तुम्हाला का गुण आला नाही? तुमच्या पत्राचा हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तो तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलाच नाही.

माझा अंदाज असा : पहाटे तीनला अंथरुणात जे चालतं तेच तुम्ही संध्याकाळी पायांत बूट घालून करता. दवाखाना, चिडणं, ‘असं केलं असतं तर’. त्याच त्या विचारांचा असा रवंथ नैराश्याला खतपाणी घालतो. सुसान नोलेन-होक्सेमा ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर ह्याच सवयीचा अभ्यास केला. दुःखी असताना दुःखाच्याच कारणांभोवती घोटाळत राहणारी माणसं त्यातून उशिरा बाहेर पडतात, असं त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसलं. आणि एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर, डोकं खाली घालून चालणं ही रवंथाला अगदी सोयीची वेळ. पायांना विचार करावा लागत नाही, मग डोकं मोकाट.

आता दोन प्रयोग सांगते, कारण ते थेट तुमच्या तक्रारीशी भिडतात. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या परिसरात ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ निरोगी शहरी माणसांना ९० मिनिटं चालायला लावलं. निम्मी गवताळ, झाडांच्या भागातून गेली, निम्मी वाहनांनी गजबजलेल्या रुंद रस्त्याच्या कडेने. झाडांतून गेलेल्यांचा रवंथ, त्यांच्याच सांगण्यानुसार, कमी झाला, आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा विचारांशी संबंध जोडला जातो तिथली हालचालही मंदावली. रस्त्याच्या कडेने गेलेल्यांत हा बदल दिसला नाही. पावलं दोघांचीही पडली होती!

दुसरा प्रयोग २०१२ चा, मार्क बर्मन यांचा, आणि तो नैराश्य असलेल्या माणसांवरच केलेला. माणसं अवघी २०. त्यांना आधी मनात सलणारी एखादी न सुटलेली आठवण काढायला सांगितलं, म्हणजे रवंथाची पुरती तयारी करून दिली, आणि मग सुमारे ५० मिनिटं चालायला पाठवलं. एकदा झाडांच्या उद्यानातून, एकदा शहराच्या रस्त्यांवरून. उद्यानातून आल्यावर त्यांची तात्पुरत्या स्मरणाची चाचणी जास्त सुधारली, मनःस्थितीही. मला ह्यातली रंजक गोष्ट ही वाटते की स्मरणातली सुधारणा आणि मनःस्थितीतली सुधारणा एकमेकींवर अवलंबून नव्हत्या. बर्मन यांच्याच २००८ च्या, निरोगी माणसांवरच्या प्रयोगात काही जण कडाक्याच्या थंडीत चालले होते, त्यांना ते चालणं आवडलंही नव्हतं, आणि तरी लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत ते सुधारले. फिरून आल्यावर छान वाटलं नाही म्हणजे काहीच घडलं नाही, असं म्हणून चालायचं नाही.

असं का होतं ह्याचं एक स्पष्टीकरण रेचेल आणि स्टीव्हन कॅप्लन ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने दिलं आहे. रस्ता ओलांडताना, कामाच्या यादीत, स्क्रीनवर आपण लक्ष ओढून-ताणून लावत असतो, आणि ती ताकद थकते. हलणारी पानं, पाणी, ढग ह्यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, ओढावं लागत नाही. तेवढ्या वेळात थकलेली ताकद भरून येते. नको असलेला विचार बाजूला सारायलाही बहुधा तीच ताकद लागते. ह्यासाठी अरण्यात जायला नको. मोठी झाडं असलेली बाग, नदीकाठ, एखाद्या संस्थेचं जुनं आवार पुरतं. वाहनांचा आवाज मागे पडेल एवढं बघा.

आणि हो, ती दहा हजार पावलं. हा आकडा वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ होतं, आणि लक्षात राहायला सोपा म्हणून तो आकडा जगभर पसरला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास आला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होता, आणि सुमारे ७,५०० च्या पुढे फायदा वाढणं थांबलं. २०२२ च्या एका आढाव्यात, एक लाख नव्वद हजारांहून अधिक माणसांच्या माहितीवरून, आठवड्याला अडीच तास झपाट्याने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत नैराश्याचा धोका अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच्या निम्म्या व्यायामालाही १८ टक्के. म्हणजे सर्वांत मोठा फायदा ‘काहीच नाही’पासून ‘थोडंसं’पर्यंत येण्यात आहे.

रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालून आकडा पुरा करणं हे मला व्यायाम वाटत नाही. ती शिक्षा वाटते. आईच्या बाबतीत कमी पडले, निदान इथे तरी कमी पडायचं नाही, असं काही त्यामागे आहे का, हे तुमच्या समुपदेशकांशी बोलून बघा. मी दुरून बोलते आहे, चुकतही असेन. पण ते मोजणी करणारं ॲप काही आठवडे बंद ठेवा, ह्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही.

सत्राशिवायच्या दिवशी अर्धा तास पुरे. शक्यतो दिवसाउजेडी, सकाळी जमलं तर उत्तम, आणि झाडं असतील तिथे. कानात काही घालू नका. विचार येतील, त्यांना हाकलण्याच्या नादी लागू नका, तेवढ्याने ते हट्टाला पेटतात. पुन्हा दवाखाना सुरू झाला असं लक्षात आलं की बाहेरचं काहीतरी नीट बघायला घ्या. त्या झाडाची साल कशी आहे? ह्या वाटेवर आत्ता किती वेगवेगळे आवाज ऐकू येताहेत? पायाखाली माती आहे की फरशी, टाच आधी टेकते की चवडा? मिनिटभरात मन परत दवाखान्यात पोचेल. परत आणा. सुरुवातीला अर्ध्या तासातला बराचसा वेळ ह्या ये-जा करण्यातच जातो, तेव्हा कंटाळून सोडू नका. आणि आणखी एक : पहाटे जागं झाल्यावर येणारे ते विचार एका वहीत दोन ओळींत उतरवून ठेवा, मला लिहिलेत तसे. सत्राला जाताना वही न्या. तोंडाने निघालं नाही तर वाचून दाखवा, किंवा त्यांच्या हातात द्या.

ओळखीचं कुणी भेटलं तर काय, ही काळजी खरी आहे. चांगले समुपदेशक पहिल्या बाहेरच्या सत्राआधी हे बोलून घेतात, शक्यतो लिहूनही. त्यांनी काढलं नाही तर विषय तुम्ही काढा. तुम्हाला कुणी हाक मारली तर थांबायचं की हात दाखवून पुढे जायचं? ‘ह्या कोण?’ असं विचारलं तर काय सांगायचं? ‘कामातल्या ओळखीच्या आहेत’ एवढं पुरतं, आणि ते खोटंही नाही. त्यांच्या ओळखीचं कुणी भेटलं तर त्यांनी तुमची ओळख करून द्यायची नाही, हेही ठरवा. शेजारून माणसं जात असताना बोलणं थांबवायचं, त्याची खूण ठरवा. वाट त्यांच्या एकटीच्या पसंतीची नको, तुम्हालाही ती सुरक्षित वाटली पाहिजे. जिथे रोज संध्याकाळी तुमची सोसायटी किंवा ऑफिस लोटतं, तिथे जाऊच नका. वेळ थोडी आडनिड धरली की निम्मा प्रश्न मिटतो. वेग तुमचा असेल, कसरत म्हणून चालायचं नाही. धाप लागली तर बोलणार कशा? गुडघे, हृदय, दमा असं काही असेल तर आधी सांगा. पाऊस किंवा कडक ऊन असेल तर सत्र खोलीत होणार की पुढे जाणार, आणि तसं झालं तर फीचं काय, हे व्यवहाराचं बोलणंही संकोच न करता आधीच उरकून घ्या.

रडू आलं तर? येईलही. एखादा बाक, बाजूची शांत जागा वाटेत आहे ना, हे त्यांना विचारून ठेवा. शेवटची दहा मिनिटं जड विषय काढायचा नाही, सावरायला ठेवायची, असा पायंडा मी स्वतः पाळते, कारण खोलीतून बाहेर पडताना दाराशी जो एक मोकळा क्षण मिळतो तो इथे मिळत नाही. सत्र संपतं ते थेट रस्त्यावर. आणि दोन सत्रं करून तुम्हाला नकोसं वाटलं तर खोलीत परत जायचा हक्क तुमचा आहे. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

हा प्रकार सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. ज्यांना भास होताहेत, ज्यांना बाहेर पडल्यावर घबराटीचे झटके येतात आणि त्यावर अजून काहीच काम झालेलं नाही, एखाद्या भयंकर प्रसंगाच्या आठवणी ज्यांना बघता बघता पुरत्या गिळून टाकतात, अशांना आधी चार भिंतींची सुरक्षितता लागते. तुमच्या पत्रावरून तुम्ही ह्यात बसत नाही असं वाटतं, पण निर्णय तुमच्या समुपदेशकांनी समोर बघून घ्यायचा.

आता गोळ्या. ‘चालण्याने भागेल ना?’ ह्या वाक्यात मला गोळ्यांची भीती जास्त ऐकू आली. हा प्रश्न तुमच्या-माझ्यात सुटणारा नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटा, असं मी ठामपणे सांगते. कशातच रस न वाटणं आणि पहाटेची मोडलेली झोप दोन आठवडे टिकली तरी नैराश्याची तपासणी करायला हवी असं डॉक्टर मानतात. तुमचे सात-आठ महिने झाले. ते बहुधा पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरायला देतील. गुण २७ पैकी असतात, १० किंवा त्याहून जास्त आले की पुढे नीट तपासतात. लांबलेला शोक आणि नैराश्य ह्यांचं चित्र वरवर सारखं दिसतं आणि उपचार थोडे वेगळे असतात, तो फरकही त्यांनाच करू द्या. बरोबरीने साध्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या : थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. चव्वेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्तीच्या आधीचे बदलही झोप आणि मन दोन्ही हलवतात, आणि बायका ते बहुतेक वेळा सांगतच नाहीत.

व्यायाम की औषध ह्याची समोरासमोर तुलना झालेली आहे. १९९९ मध्ये जेम्स ब्लुमेंथल आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांचे तीन गट केले : व्यायाम, औषध आणि दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. हे वाचून लोक गोळ्या फेकून देतात, म्हणून पुढचंही वाचा. औषधवाल्यांना सुरुवातीला लवकर आराम पडला. आणि व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली, गटात, हृदयाची गती मोजून घाम काढणारं चालणं किंवा धावणं होतं. समुपदेशकांबरोबरची तुमची निवांत चाल त्या जागी मोजता येणार नाही. तज्ज्ञांनी गोळ्या सुचवल्या तर काही महिने त्या घेऊन चालायलाही जाता येतं. दोन्हींचं काही वैर नाही. सुरू केलेली गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते. पहाटेच्या त्या वेळी जगण्याचाच कंटाळा येतो का? आपण नसतो तर बरं, असा विचार, किंवा स्वतःला काही करून घेण्याचा? येत असेल तर पुढच्या सत्राची वाट बघू नका. आजच समुपदेशकांना फोन करून ह्याच शब्दांत सांगा, घरातल्या एकाला सांगा, एकट्या राहू नका; आणि तो विचार जोर धरत असेल तर मानसिक आरोग्याची मदतवाहिनी किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. अशा वेळी चालायला जाणं हा उपाय नाही.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. सत्राला नेऊ नका. शेजारी तो असला तर आईवर चिडल्याचं तुम्ही काढणार नाही, आणि काढलंत तर तो लगेच ‘अगं, तुझी काय चूक’ म्हणून पांघरूण घालेल. चांगल्या मनानेच घालेल, पण विषय तिथेच मिटेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून एवढं सांगा की ते सत्र आहे, बाहेर असलं तरी. पण तो स्वतःहून येतो म्हणाला, हे मी हलक्यात घेणार नाही. घरात ‘फिरून ये’ म्हणणाऱ्यांत तोही होता का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असला तरी आता निदान चप्पल घालायला तयार झाला आहे. आठवड्यातले दोन दिवस त्याला द्या. एक अट घाला, त्या अर्ध्या तासात ‘आज कसं वाटतंय?’ हे विचारायचं नाही. बाकी ऑफिसचं, मुलांचं, शेजाऱ्यांचं, जे निघेल ते. आणि दोघांचेही फोन घरी.